आपल्या कालव्यावरचे विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबर आला की आपल्याकडे इंजिनिअर्स डे होतो. सकाळी फोटोला हार, मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण, दुपारी पेपर प्रेझेंटेशन आणि रात्री मेसमध्ये गुलाबजाम. फोटोतल्या पगडीवाल्या माणसाचं नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, एवढं फर्स्ट इयरपासून सगळ्यांना पाठ असतं. मलाही तेवढंच पाठ होतं. बारामतीच्या ऐन गावातून जो नीरा डावा कालवा वाहतो, ज्याच्या कडेने आपण शनिवारी संध्याकाळी वडापाव खात फिरतो, त्याच कालव्यावर या माणसाने एक मोठा प्रयोग केला होता, हे मात्र तीन वर्षं हार घातलेला बघूनही मला माहीत नव्हतं.

कळलं ते असं. आमचं घर इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या अगदी टेलला. आबा (माझे आजोबा) जुन्या गोष्टी सांगताना एखाद्या शेताला 'ब्लॉकचं रान' म्हणतात. मला वाटायचं ब्लॉक म्हणजे बीडीओ साहेबांचा ब्लॉक. या सेमिस्टरला सेमिनारसाठी मी 'सिस्टिम्स थिंकिंग आणि अ‍ॅजाइल' असा विषय घेतला. नाव भारदस्त वाटलं म्हणून घेतला, खोटं कशाला सांगू. पण वाचायला लागले तर सगळी उदाहरणं अमेरिकेतल्या सॉफ्टवेअरची नाहीतर जपानमधल्या मोटारींची. गाईड सर म्हणाले की जरा जवळपासचं काहीतरी शोध. शोधता शोधता आबांचा ब्लॉक आणि फोटोतला माणूस एकाच जागी येऊन भेटले.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्वदीर्घ रूममेटकडून तपासून घेतलंय, तरी राहिलं असेल तर सांभाळून घ्या.)

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० चा, काही ठिकाणी १८६१ लिहिलेलं सापडतं. गाव मुद्देनहळ्ळी, आजच्या कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळ. वडील संस्कृतचे जाणकार, पैसा फारसा नाही, आणि ते लवकर वारले. मुलाने बंगलोरला दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेत घेत सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये बी.ए. केलं. मग म्हैसूर सरकारची स्कॉलरशिप मिळाली आणि ते पुण्याला कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हेच पुढचं सी.ओ.ई.पी. १८८३ मध्ये एल.सी.ई.च्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. म्हणजे त्यांची नोकरीची पहिली चोवीस-पंचवीस वर्षं मुंबई इलाख्यात गेली. आपण त्यांना म्हैसूरचे समजतो, पण इंजिनिअर म्हणून ते इथेच घडले.

सुरुवातीचं पोस्टिंग नाशिक आणि खानदेशात. धुळ्याजवळ पांझरेच्या खोऱ्यात एका ओढ्याखालून पाइपचा सायफन टाकायचं काम त्यांच्याकडे आलं. भर पावसाळ्यात पूर येऊन पाया वाळूने भरून जायचा, म्हणून पाऊस संपेपर्यंत काम थांबवावं असं त्यांनी वर कळवलं. साहेबाला ते रुचलं नाही. नव्या पोराला काम टाळायचंय असं वाटलं असणार. मग त्यांनी तिथेच राहून, उपाय काढत काढत काम पुरं केलं. सायफनपेक्षा मला या भागातली दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पांझरेच्या काठी 'फड' नावाची जुनी पद्धत आहे. बंधाऱ्याखालची सगळी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटायची, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी पीक फिरवत न्यायचं. पाणी द्यायला पाटकरी एकच आणि नियम सगळ्या गावाचा. तरुण विश्वेश्वरय्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं असणार आणि ते डोक्यात कुठेतरी राहिलं असणार, असा माझा अंदाज आहे. का, ते पुढे नीरेवर आल्यावर सांगते.

मधली काही वर्षं सिंधमध्ये आणि सुरतेला पाणीपुरवठ्याची कामं. सक्करला सिंधू नदीचं पाणी इतकं गढूळ की प्यायच्या लायकीचं नाही, आणि फिल्टर बांधायला पैसे नाहीत. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणून वाळूतून झिरपून आलेलं पाणी घेतलं. फिल्टर निसर्गाने आधीच घालून ठेवलेला होता, तो वापरला. १८९८ मध्ये स्वतः जपानला जाऊन तिथले कारखाने आणि शाळा बघून आले.

१८९९ मध्ये ते पुण्यात एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले. खडकवासल्याच्या तलावाला तेव्हा लेक फाइफ म्हणत. पावसाळ्यात सांडव्यावरून सहा-आठ फूट पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात पुण्याला आणि कॅन्टोन्मेंटला पाणी पुरायचं नाही. धरण उंच करायचं तर जुन्या भिंतीला ते पेलेल का, हा प्रश्न. त्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की तेच पाणी यंत्रणेत शिरायचं, वजनांचा तोल बदलायचा आणि दरवाजा उचलला जायचा. पूर ओसरला की परत बंद. ना माणूस, ना मोटर. १९०३ मध्ये हे दरवाजे लागले आणि साठा सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढला. पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही असं सांगतात. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरमध्ये फीडबॅक लूपची आकृती काढताना आपण फ्लशच्या टाकीचं उदाहरण देतो. पुढच्या वेळी खडकवासला लिहा, एक्झामिनर खूश होईल.

आता नीरा. हा कालवा १८७६ च्या दुष्काळात, लोकांच्या हाताला काम म्हणून सुरू झाला आणि १८८५ च्या सुमारास वाहू लागला. नीरा नदीवर वीरजवळून निघतो, पुरंदरच्या कडेने बारामतीत येतो आणि पुढे सणसर, भवानीनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरकडे जातो. लांबी दीडशे किलोमीटरहून जास्त. कालवा झाला, वरती भाटघरला धरणही झालं, पण सरकारचा हिशोब जमेना. दुष्काळी भाग, म्हणजे शेतकरी पाण्यासाठी तुटून पडतील असं वाटलं होतं. तसं झालं नाही. पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याकडे फिरकायचेच नाहीत आणि पाणी नुसतं वाहून जायचं. पाऊस दडला की सगळे एकदम अर्ज घेऊन हजर. तेव्हा पाणी पुरायचं नाही. जे पाणी घेत ते वारेमाप घेत, वरच्या अंगाची रानं तुडुंब आणि खालची कोरडी. वरच्या गावांत डबकी साचून हिवताप.

साहेब लोकांचा निष्कर्ष सोपा होता, शेतकरी अडाणी आहे. विश्वेश्वरय्यांचं काम मला आवडलं ते इथे. त्यांनी प्रश्न माणसांच्या अकलेवर न ढकलता सगळ्या मांडणीकडे पाहिलं.

हे समजायला आपल्या हॉस्टेलची टाकी पुरेशी आहे. एप्रिलमध्ये सकाळी सहा ते साडेसहा पाणी येणार असं फळ्यावर लिहिलं जातं, आणि ते येईलच याची खात्री कुणालाच नसते. मग काय होतं? एरवी एका बादलीत भागवणारी मुलगी तीन बादल्या भरून ठेवते. मी स्वतः पाच भरल्यात. वरच्या मजल्यापर्यंत पाणी पोचत नाही, तिथल्या मुली खाली येऊन भांडतात आणि दुसऱ्या दिवशी त्या सहा बादल्या भरतात. संध्याकाळी निम्मं शिळं पाणी मोरीत ओतलं जातं. या सगळ्यात अडाणी कुणीच नाही. प्रत्येकजण आपापल्या जागी शहाणपणानेच वागतोय, आणि टाकी मात्र रोज रिकामी.

नीरेवर अगदी हेच चाललं होतं. पाण्याची मंजुरी एका हंगामापुरती मिळायची. ऊस बारा-चौदा महिने उभा राहतो, आडसाली तर त्याहून जास्त. पुढच्या उन्हाळ्यात पाणी मिळेल याची हमी नसताना उसाला बेणं, खत, मजुरी कोण घालणार? आणि एकदा पाणी हातात आलं की पुढची पाळी कधी येईल सांगता येत नाही, म्हणून जेवढं मिळेल तेवढं रानात सोडून घ्यायचं. शिवाय अर्जदार विखुरलेले. इथे अर्धा एकर, मैलभर पुढे पाऊण एकर. एवढ्याशा तुकड्यांसाठी लांबच लांब चाऱ्या वाहायच्या आणि वाटेतच पाणी मुरायचं.

विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. कालव्याच्या कडेला सलग जमिनीचे ठरावीक गट, म्हणजे ब्लॉक, पाडायचे. त्या गटाला सहा वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची. त्या बदल्यात शेतकऱ्याने ब्लॉकच्या साधारण एक तृतीयांश भागातच ऊस घ्यायचा, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिकं, आणि ऊस दरवेळी पुढच्या तुकड्यात फिरवत न्यायचा, म्हणजे जमीनही दमत नाही आणि सतत पाणथळ राहत नाही. पाणी ठरलेल्या पाळीने, ठरलेल्या मापाने. आता फडाची आठवण झाली ना? सलग तुकडे, पीक फिरवणं, पाळी. फरक एवढाच की फड गावाने चालवलेला आणि ब्लॉक सरकारने. तो फरक लहान नाही, हे पुढे दिसलंच.

१९०१ ते १९०३ मध्ये सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली इरिगेशन कमिशन देशभर फिरलं. त्यांच्यासमोर विश्वेश्वरय्यांनी ही कल्पना मांडली आणि ती पसंत पडली. शेतकऱ्यांना मात्र पहिल्यांदा पटली नाही. सरकार काहीतरी नवीन काढतंय म्हणजे पाणीपट्टी वाढणार, हा हिशोब कुणीही करेल. विश्वेश्वरय्यांनी लोकांशी बैठका घेतल्या, समजावलं, शंका ऐकल्या. सगळ्यांवर एकदम हुकूम न काढता तयार होतील त्यांच्यापासून सुरुवात झाली. शेजाऱ्याच्या ब्लॉकात उन्हाळ्यातही पाणी येतं हे दिसल्यावर इतरांचा विरोध मावळत गेला.

आता माझ्या सेमिनारचा विषय. अ‍ॅजाइल हा शब्द आज सगळ्या प्लेसमेंट टॉकमध्ये असतो. २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी जाहीरनामा लिहिला, तिथून तो पसरला. थोडं थोडं बनवा, वापरणाऱ्याला दाखवा, तो काय म्हणतो ऐका, बदला, परत दाखवा. सिस्टिम्स थिंकिंग सांगतं की तुकडा बघू नका, तुकड्यांमधली नाती बघा, कुठली गोष्ट फिरून कुठे येऊन आदळते ते बघा. बऱ्याच जणांना ही दोन टोकं वाटतात. एकात विचार करत बसायचं, दुसऱ्यात लगेच कामाला लागायचं.

आमच्या मिनी प्रोजेक्टमध्ये आम्ही पक्के अ‍ॅजाइल होतो. दोन आठवड्यांचे स्प्रिंट, रोज मेसच्या बाहेर उभ्याने मीटिंग, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. प्रत्येकीचा मॉड्यूल वेळेत. डेमोच्या आदल्या रात्री सगळे मॉड्यूल जोडले तर तारीख एकीने एका पद्धतीने ठेवलेली, दुसरीने दुसऱ्या, आणि लॉगिननंतर सगळंच कोसळलं. वेग होता, पण चौघींपैकी एकीनेही आख्खं चित्र बघितलं नव्हतं. एक्स्टर्नलने काय सुनावलं ते इथे छापता येणार नाही.

ब्लॉक पद्धतीत मला दोन्ही दिसतं. पाळी म्हणजे एक प्रकारचा स्प्रिंटच, लहान आणि पुन्हा पुन्हा येणारा. पाटकऱ्याला दर पाळीला कळतं कुठे पाणी कमी पडलं, कुठे चारी फुटली. पण ही लहान लहान पाळी ज्याच्या आधारावर चालते ती सहा वर्षांची हमी आहे. हमी नसती तर पाळी म्हणजे रोजची धावपळ झाली असती, आमच्या हॉस्टेलसारखी. अ‍ॅजाइलच्या पुस्तकांत बदलाचं स्वागत करा असं असतं, ते खरंच आहे. पण काहीतरी एक न बदलणारं असल्याशिवाय माणूस बदलाचं स्वागत करत नाही, हे मला कालव्यावरून कळलं, पुस्तकावरून नाही.

इथपर्यंत सगळं छान आहे आणि माझा सेमिनार इथेच संपवायचा बेत होता. पण सुट्टीत घरी गेले तेव्हा आबांना हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला आमच्या खालच्या रानात घेऊन गेले. तिथे पांढरी खारट साय आलेली आहे. चोपण. त्यात काही उगवत नाही. पाणी कमी पडतं म्हणून आयुष्यभर ओरडणाऱ्या माणसाचं एक रान पाणी जास्त झाल्याने गेलेलं आहे, आणि दुसरं पाण्याविना जातंय.

हे आजचं दुखणं नाही. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० मध्येच शेतकी खात्यासाठी अभ्यास केला होता. म्हणजे कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षंही पुरती झाली नव्हती. आपली काळी जमीन खोल, पाणी धरून ठेवणारी. खालून निचरा नसला की पाण्याची पातळी वर येते, सोबत क्षार येतात, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. ऊस फिरवत ठेवायचा आणि एक तृतीयांशच्या वर जाऊ द्यायचा नाही, ही अट यासाठीसुद्धा कामाची होती. पण उसाला पैसा मिळाला आणि अट ढिली होत गेली. १९३० नंतर साखर कारखाने आले, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं, पुढे सहकारी कारखाने. उसाने या भागाचं भलं केलं हे मी नाकारत नाही. माझी कॉन्व्हेंटची फी उसाच्याच बिलातून गेली आहे. पण पाणी आत आणायचा विचार जितका बारकाईने झाला तितका ते बाहेर काढायचा झाला नाही. सिस्टिमची सीमा कुठे आखायची, हा प्रश्न सिस्टिम्स थिंकिंगच्या पहिल्या धड्यातच येतो. इथे ती रानाच्या वरच्या थरापाशी आखली गेली, खालचा थर बाहेर राहिला. याचा दोष एकट्या विश्वेश्वरय्यांना देता येणार नाही, ते फार लवकर इथून गेले. पण फोटोला हार घालताना एवढं लक्षात असावं असं मला वाटतं.

ते गेले कारण मुंबई सरकारात वर चढायची वाट भारतीयाला बंद होती. चीफ इंजिनिअर आपल्याला होऊ देणार नाहीत हे ओळखून १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला आणि निजामाने त्यांना बोलावलं. त्यांनी शहरात नुसत्या भिंती न बांधता पूर वरच्या अंगालाच अडवायला सांगितलं. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्या योजनेतून झाले. १९०९ मध्ये म्हैसूरचे चीफ इंजिनिअर, १९१२ ते १९१८ दिवाण. कावेरीवरचं कृष्णराजसागर, म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, मग भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना. खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे कृष्णराजसागरला गेले, आणि आपल्या नीरेवरची ब्लॉक पद्धत मंड्याच्या शिवारात. दिवाणगिरी त्यांनी सोडली ती मिलर समितीच्या वेळी. नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना जागा राखून ठेवायला त्यांचा विरोध होता. हे मला पटत नाही. कालव्याच्या हेड आणि टेलमधला फरक ज्या माणसाला दिसला, त्याला समाजातला हेड आणि टेल दिसू नये याचं नवल वाटतं.

पुढे १९३४ मध्ये नियोजनावर पुस्तक लिहिलं, वालचंद हिराचंद यांच्यासोबत भारतात मोटारी बनवायच्या योजनेवर डोकं लावलं, १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि खडकवासल्याचं धरण वाहून गेलं तेव्हा ते हयात होते, शंभरी ओलांडलेले. १४ एप्रिल १९६२ ला बंगलोरला गेले. समाधी मुद्देनहळ्ळीला आहे.

सेमिनारमध्ये मी शेवटची स्लाइड आमच्या पांढऱ्या रानाची टाकली. सरांनी मार्क कापले नाहीत. सिव्हिलच्या दोघांनी रानाच्या खालून छिद्रांचे पाइप टाकून निचरा काढता येतो का ते बघायला यायचं कबूल केलंय. एकरी खर्च किती येईल याचा हिशोब अजून जुळत नाही. बाबा ते रान विकायच्या विचारात आहेत, आबा नाही म्हणतात, आणि दिवाळीपर्यंत काय ते ठरवायचं आहे. काल रात्री फोन केला होता. आबांनी सात नंबरचा फॉर्म भरलाय, पाळी सुटलीय, पाणी अजून भवानीनगरच्या अलीकडेच आहे.